दाढ काढल्यावरची गुठळी

दाढ काढली की हिरडीतल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. खरं औषध तीच. तिच्या आडोशाने हाड झाकलेलं राहतं, नवं मांस भरत जातं. म्हणून डॉक्टरांनी दिलेला बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. पहिले 24 तास चूळ नाही, स्ट्रॉ नाही, आणि थुंकणंही नाही, लाळ गिळायची. (आपल्याकडे हेच सगळ्यांत अवघड!) जोर लागून गुठळी निसटली तर हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका जातो. तेव्हा लवंगतेल परस्पर न कोंबता दवाखाना गाठावा. मिश्री, तंबाखू, विडी बंदच. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट मिठाचं पाणी तोंडात हलकेच फिरवावं. मऊ, गार झालेला दहीभात चालतो.