दारावरची पाटी : आधी टेप, मग रंग!

मैत्रिणींनो, घरी शिवणकाम, शिकवणी किंवा मसाले-पापडाचा उद्योग सुरू केला आणि चार पैसे हातात खेळू लागले, की पहिली हौस कोणती येते? दारावर पाटी हवी! घरपट्टीवर सासऱ्यांचं नाव, वीजबिलावर यजमानांचं. आपलं नाव ठळक अक्षरात रस्त्यावरून वाचता यावं, असं वाटलं तर त्यात गैर काय? पण त्या हौसेच्या भरात आमच्या हातून जी चूक झाली, ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या तुळजापुरातल्या एका वहिनींनी घरी ब्लाऊज आणि पिको-फॉलचं काम सुरू केलं. पाटीचा मजकूर मी लिहून दिला. जागाही मीच सुचवली. "वहिनी, भिंतीला चिकटवून लावली तर दिसणार कोणाला? येऊ द्या की थोडी रस्त्यावर!" झालं. लोखंडी चौकट, वर पत्रा, आणि भिंतीपासून दोन हात पुढे आलेली पाटी लागली. घर देवळाकडे जाणाऱ्या अरुंद गल्लीत. नवरात्रात तिथं मुंगी शिरायला जागा नसते. सातव्या माळेला एक गृहस्थ लेकराला खांद्यावर घेऊन चालले होते. गर्दीचा लोंढा आला, ते कडेला सरकले आणि पाटीचा कोपरा लेकराच्या कपाळाला लागला. दोन टाके पडले. बाप आम्हाला एक शब्द बोलला नाही. "आईनं डोळा वाचवला," एवढंच म्हणाला. ते शब्द आजही माझ्या कानात आहेत. वहिनींनी त्याच संध्याकाळी पाटी उतरवली.

तोवर 'नियम म्हणजे नसती कटकट' असं मी म्हणत असे. आता म्हणत नाही. पाटी करायला टाकण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरं घ्यायची, हे मी शिकले.

पहिला प्रश्न : या जागेत हा उद्योग चालतो का? शहराच्या विकास आराखड्यात निवासी, वाणिज्य असे विभाग ठरलेले असतात. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना बांधकाम आणि जागेच्या वापराची एकच नियमावली आहे. घरच्या माणसांनी, पगारी मजूर न ठेवता केलेलं शिवण-भरतकामासारखं काम निवासी विभागात चालतं. मात्र यंत्र विजेवर असेल तर एकूण भार १ हॉर्सपॉवरच्या, म्हणजे सुमारे ७४६ वॅटच्या आत हवा. शिलाई मशीनची मोटर त्यात सहज बसते. मिरची कांडपाचं यंत्र घ्यायचं मनात असेल तर आधी नगरपरिषदेच्या नगररचना विभागात विचारा. दुकान काढायचं असेल, तर आपल्या विभागात आणि आपल्यापुढच्या रस्त्याच्या रुंदीला ते चालतं का, हेही तिथंच कळतं. जागा कोणत्या विभागात येते याचा झोन दाखला मिळतो.

दुसरा प्रश्न : पाटी टांगणार ती जागा कोणाची? भिंत घरमालकाची असेल तर त्याची लेखी संमती घ्या. रस्ता, गटारावरची फरशी, विजेचा खांब आणि झाड आपलं नव्हे. सार्वजनिक दर्शनी जागा परवानगीवाचून जाहिरातींनी विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात १९९५ चा कायदाच आहे. रस्त्यावर पुढे येणारी किंवा गच्चीवर उभारायची पाटी असेल तर नगरपरिषदेची परवानगी आधी घ्यायची. आमच्याकडे आणखी एक पाहावं लागतं. तुळजाभवानी मंदिराच्या १,८६५ कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. देवळाजवळ घर असेल तर आपला दर्शनी भाग कुठल्या कामात येतो का, हे विचारूनच महागड्या पाटीला हात घाला.

तिसरा प्रश्न : भाषा कोणती? २०२२ च्या दुरुस्तीनंतर मोजक्या माणसांच्या लहान दुकानांनाही पाटी मराठीत, देवनागरी अक्षरात लावणं बंधनकारक आहे. इंग्रजी लिहायला हरकत नाही. पण मराठी आधी हवी आणि तिची अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. त्याच वर्षी जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, तेव्हा पत्त्यात जुनं नाव राहू देऊ नका.

आता खुद्द पाटी. साधा हिशेब लक्षात ठेवा : दहा फुटांवरून नीट वाचायला अक्षर निदान एक इंच उंच हवं. वीस फुटांची गल्ली असेल तर दोन इंच, गर्दी असेल तर तीन. आपल्या लिपीला वर मात्रा आणि खाली उकार असतात. त्यांना जागा सोडायला पेंटरला सांगा, नाहीतर 'पिको'ची वेलांटी चौकटीत अडकते. पिवळ्यावर काळं किंवा पांढऱ्यावर गडद निळं लांबून उठून दिसतं. मजकूर थोडका हवा : नाव, काम, वेळ. पत्र्याला आधी रेड ऑक्साइडचा हात, तो वाळला की ऑइलपेंटचे दोन हात द्यायला लावा.

फ्लेक्स स्वस्त पडतो, पण उन्हात विटतो. छापण्यापूर्वी कागदावरचं प्रूफ स्वतः वाचा. जोडाक्षरं फुटलेली असतात. आणि हो, फ्लेक्सवर देवीचं छायाचित्र टाकू नका. पुढे तोच फ्लेक्स कोणाच्या तरी सिमेंटच्या पोत्यांवर पडतो, ते बघवत नाही.

पाटी बसवताना नुसते खिळे नकोत. भिंतीत गिट्टी बसवून स्क्रू आवळा, कोपरे गोल करून घ्या. दिवा लावायचा तर वायरमनकडूनच जोडून घ्या. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात १२० बाय १२० फुटांचा फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसं गेली. आपली पाटी तीन फुटांची असली, तरी वारा आणि वजन तिलाही चुकत नाही. पावसाळ्यापूर्वी स्क्रू एकदा तपासा.

वहिनींनी पुढे दिवाळीत पुन्हा पाटी लावली. भिंतीला सपाट, दाराच्या वर, पिवळ्यावर काळी अक्षरं. या वेळी मजकूर त्यांनी स्वतः लिहिला, आणि सर्वांत वर स्वतःचं नाव घातलं. गिऱ्हाईक काही कमी झालं नाही. उलट बायका म्हणतात, आता लांबूनच वाचता येतं.

तेव्हा मैत्रिणींनो, नाव जरूर झळकू द्या. फक्त त्याखालून जाणाऱ्या लेकराचं कपाळ तेवढं सांभाळा.