बर्फावरचा टायर : खिळ्याचा घ्यावा की बिनखिळ्याचा?

टायरच्या धंद्यात आमचे वाचक पुष्कळ आहेत. कुणाचे पंक्चरचे दुकान, कुणाचे रिमोल्डिंगचे काम, कुणाचे स्वतःचे ट्रक. आपल्याकडे टायरची परीक्षा होते ती उन्हात आणि चिखलात. काश्मीर-हिमाचलच्या घाटांत बर्फ पडला की ट्रकवाले चाकांना साखळ्या बांधतात. पण जपान, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या देशांत हिवाळ्यासाठी टायरच वेगळा घ्यावा लागतो. त्याच्या दोन जाती आहेत. त्यांची हकीकत आपल्या धंद्यालाही उपयोगी आहे.

पहिली जात खिळ्याची. या टायरच्या नक्षीत धातूचे बारीक खिळे बसवतात. खिळ्याचे टोक टंगस्टन कार्बाइडचे असते; भिंतीला भोक पाडणाऱ्या ड्रिलच्या टोकाला हेच लावतात. तापमान शून्य अंशाच्या आसपास असले की बर्फावर पाण्याचा पातळ थर येतो आणि रस्ता साबणासारखा निसरडा होतो. अशा वेळी बर्फात रुतणाऱ्या खिळ्याला तोड नाही. दोष असा की उघड्या डांबरावर तो खडखडतो, ब्रेक उशिरा लागतो आणि रस्ता खरवडला जातो.

दुसरी जात बिनखिळ्याची. याचे रबर कडक थंडीतही मऊ राहते. नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात. त्या बर्फाची पकड घेतात. ताज्या हिमावर, कोरड्या कडक बर्फावर व मोकळ्या रस्त्यावर हा टायर चांगला चालतो.

ही दुसरी जात जपानमध्ये पुढे आली ती एका तक्रारीमुळे. १९८० च्या दशकात सेंदाई शहरात हिवाळा आला की खिळ्यांनी खरवडलेल्या रस्त्यांची धूळ हवेत भरून राही. नाका-घशात ती लोकांच्या जाई. अखेर १९९० मध्ये सरकारने कायदा केला आणि नेमलेल्या भागांत बर्फ नसलेल्या पक्क्या रस्त्यावर खिळ्याचे टायर चालवण्यास बंदी आली. ब्रिजस्टोन कंपनीने बारीक छिद्रांच्या रबराचा ब्लिझाक हा बिनखिळ्याचा टायर १९८८ मध्येच बाजारात आणला होता. कायदा आला तेव्हा तिचा माल तयार होता.

मात्र बंदीने सगळेच सुटले नाही. खिळे बर्फ खरवडून खडबडीत ठेवत. ते गेल्यावर साप्पोरो शहराचे रस्ते काचेसारखे गुळगुळीत होऊ लागले आणि वाळू व बर्फ वितळवणारी औषधे जास्त टाकावी लागली. म्हणून फिनलंडमध्ये आजही खिळ्याचे टायर मोठ्या प्रमाणात वापरतात. जर्मनीत मात्र ते जवळपास बंद आहेत. नॉर्वेच्या ओस्लो शहरात त्यांच्यासाठी वेगळी फी भरावी लागते, तर स्टॉकहोमच्या हॉर्न्सगाटान रस्त्यावर २०१० पासून त्यांना मनाई आहे.

मग घ्यावा कोणता? गावाकडच्या, वाळू न टाकलेल्या, ओल्या बर्फाच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने खिळ्याचा घ्यावा. शहरात, साफ केलेल्या रस्त्यावर फिरणाऱ्याला बिनखिळ्याचा पुरे. दोन चाकांना एक जात व दोन चाकांना दुसरी, असे कधीही करू नये. वळणावर गाडी फिरते. नव्या खिळ्यांवर सुरुवातीचे काही शे किलोमीटर सावकाश चालवावे, म्हणजे खिळे नीट बसतात. परदेशी गॅरेजात कामाला जाणाऱ्या आपल्या मुलांनी आधी तिथला कायदा विचारून घ्यावा.

खिळ्याच्या टायरला गिऱ्हाईक होते, दुकानदाराला नफा होता. हिशेबात धरला नव्हता तो फक्त फुटपाथवरून चालणारा माणूस. आपल्या कारखान्याचा धूर, रंगाचे पाणी, यंत्राचा आवाज कोणाच्या दारात जातो, हे आपण आजच पाहावे. शेजाऱ्याची तक्रार वेळीच ऐकणाऱ्याला पुढच्या मालाची तयारी करायला सवड मिळते. न ऐकणाऱ्याच्या दारात एक दिवस सरकारी नोटीस येते.