प्राध्यापक वसंत कानेटकर : वर्ग आणि रंगमंच

अध्यापक आणि नट ह्यांच्या कार्यात एक साम्य आहे. दोघांचेही काम आवाजाच्या आधाराने चालते आणि आवाज थांबला की ते संपते. ग्रंथकाराचा ग्रंथ मागे उरतो. परंतु तास घेऊन वर्गाबाहेर पडलेल्या अध्यापकाचे जे काही उरते ते ऐकणाऱ्यांच्या मनात, आणि तेही प्रत्येकाच्या मनात निरनिराळ्या स्वरूपात. म्हणून एखादी व्यक्ती एकाच वेळी अध्यापक आणि नाटककार असली, म्हणजे तिच्या स्मरणाची वाटणी होते. नाटककार वाङ्मयेतिहासाच्या वाट्याला जातो, तर अध्यापक माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींच्या वाट्याला. पहिल्याची चिकित्सा होते आणि दुसऱ्याचे गुणगान.

प्रा. वसंत शंकर कानेटकर ह्यांच्या बाबतीत ही वाटणी विशेष गैरसोयीची आहे. नाशिकच्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात त्यांनी सुमारे २५ वर्षे अध्यापन केले, आणि ज्या नाटकांनी त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले त्यांपैकी बहुतेक ह्याच काळात लिहिली गेली. मागची पिढी पुढच्या पिढीला काय देणे लागते, हा अध्यापकाच्या व्यवसायातील मूळ प्रश्न होय. कानेटकरांच्या प्रमुख नाटकांत हाच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो. त्यांच्यातील अध्यापक शोधावयाचा तर तो आठवणींइतकाच ह्या नाटकांतही शोधला पाहिजे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कानेटकरांचा जन्म सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर येथे झाला. त्यांचे वडील शंकर केशव कानेटकर म्हणजे रविकिरण मंडळातील कवी गिरीश. 'अभागी कमल' आणि 'आंबराई' ह्या खंडकाव्यांचे कर्ते असलेले गिरीश व्यवसायाने शिक्षकच होते. तेव्हा लेखन आणि अध्यापन ही दोन्ही मुलाला घरातूनच परिचित होती. नाशिकचे जे महाविद्यालय पुढे कानेटकरांचे कार्यक्षेत्र झाले, ते गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ साली स्थापन केलेले, वि. वा. शिरवाडकर हे त्याचे विद्यार्थी. मुंबई आणि पुणे ही मराठी रंगभूमीची दोन केंद्रे सोडून, त्यांच्यापासून अंतर राखून असलेल्या गावात राहूनही नाटककाराला आपला व्यासंग चालविता येतो, हे शिरवाडकर आणि कानेटकर ह्या दोघांनीही सिद्ध केले.

आरंभी कानेटकर कादंबरीलेखनाकडे वळले होते. 'घर', 'पंख' व 'पोरका' ह्या त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या. नाटककार म्हणून त्यांचे नाव झाले ते 'वेड्याचं घर उन्हात' ह्या १९५७ सालच्या नाटकाने. मनाचा तोल गेलेल्या एका कर्त्या पुरुषाच्या भोवती गुंफलेले हे नाटक पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगमंचावर आणले. त्याचे दिग्दर्शक भालबा केळकर हे स्वतः महाविद्यालयीन अध्यापक, आणि दादासाहेबांची मध्यवर्ती भूमिका करणारे श्रीराम लागू हे व्यवसायाने डॉक्टर. नाटककार, दिग्दर्शक आणि नट हे तिघेही पोटासाठी दुसरा उद्योग करणारे होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या दशकातील हौशी रंगभूमीची घडण अशाच माणसांनी केली. तिकीटविक्रीची चिंता मुख्य नसल्यामुळे त्यांना मनोविश्लेषणासारख्या अवघड विषयाला हात घालता आला.

पुढच्याच दशकात कानेटकर व्यावसायिक रंगभूमीवर आले आणि तेथे त्यांना असामान्य लोकप्रियता मिळाली. 'प्रेमा तुझा रंग कसा' (१९६१), 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२), 'मत्स्यगंधा' (१९६४), 'अश्रूंची झाली फुले' व 'लेकुरे उदंड जाहली' (दोन्ही १९६६) अशी ही मालिका आहे. विनोदी, ऐतिहासिक, पौराणिक, सामाजिक, संगीत असे नाटकाचे बहुतेक प्रकार तीत येतात. ह्या विविधतेमुळे त्यांच्या नाटकांना एकत्र बांधणारे सूत्र काय, हा प्रश्न समीक्षेपुढे सहज उभा राहतो. त्याचे एक उत्तर अध्यापनाच्या बाजूने मिळते.

अध्यापकाचे वय दरवर्षी वाढते. त्याच्या समोर बसणाऱ्या विद्यार्थ्यांचे वय मात्र तेच राहते. गृहस्थाला आपल्या मुलांच्या निमित्ताने एकदाच जो दोन पिढ्यांचा सामना अनुभवावा लागतो, तो अध्यापकाला प्रत्येक जून महिन्यात नव्याने अनुभवावा लागतो. कानेटकरांच्या नाटकांतील संघर्ष फार मोठ्या प्रमाणावर ह्याच जातीचा आहे. 'रायगडाला जेव्हा जाग येते' ह्या नाटकात शिवाजी महाराज सिंहासनावरील छत्रपती म्हणून जितके येतात, त्याहून अधिक आपल्या मुलाला ओळखू न शकलेला बाप म्हणून येतात. आणि संभाजी हा इतिहासाने ठरविलेला अपराधी न राहता, आपले म्हणणे कोणीतरी ऐकावे अशी अपेक्षा करणारा तरुण बनतो. काशिनाथ घाणेकरांनी रंगविलेल्या संभाजीशी तेव्हाच्या तरुण प्रेक्षकाची जवळीक झाली, तिचे कारण येथे सापडते. 'प्रेमा तुझा रंग कसा' मध्ये हाच सामना हसत-खेळत होतो. तेथील वडील हे खुद्द प्राध्यापक आहेत. प्रा. बल्लाळ ह्यांच्या घरात तरुण मुलांच्या प्रेमप्रकरणांनी जो गोंधळ माजतो, त्यात प्रौढांच्या शहाणपणाचीही परीक्षा होते. प्राध्यापकाने प्राध्यापकाला विनोदाचा विषय केले, हे लक्षणीय आहे. आपल्या व्यवसायाकडे थोडे दूर उभे राहून पाहण्याची शक्ती असल्यावाचून हे घडत नाही.

'अश्रूंची झाली फुले' ह्या नाटकात मात्र हा व्यवसायच गंभीरपणे पणाला लागतो. प्राचार्य विद्यानंद हे तत्त्वनिष्ठ गृहस्थ. संस्थाचालकांच्या गैरव्यवहाराला ते आड येतात, तेव्हा त्यांच्यावरच अफरातफरीचा आळ घातला जातो आणि त्यांना तुरुंगवास घडतो. बाहेर येतात तो वेगळाच माणूस. समाजाने आपल्याला गुन्हेगार ठरविले तर आपण गुन्हेगारच होऊ, अशा सूडबुद्धीने ते वाममार्गाला लागतात. त्यांना परत आणतो तो लाल्या, म्हणजे एके काळचा त्यांचाच उनाड विद्यार्थी, जो आता पोलीस अधिकारी झाला आहे. नाट्यसंपदेने रंगभूमीवर आणलेल्या ह्या नाटकात प्रभाकर पणशीकर विद्यानंद झाले होते, तर काशिनाथ घाणेकर लाल्या. लाल्याच्या भूमिकेची लोकप्रियता इतकी वाढली की, नाटकाची चर्चा पुष्कळदा तिच्यापाशीच थांबते.

नाटकाची रचना तपासली असता वेगळी गोष्ट दिसते. ह्या नाटकात गुरूचे मोठेपण गुरूजवळ शिल्लक राहिलेले नाही. ते त्याने स्वतःच टाकून दिले आहे. ते राहिले आहे विद्यार्थ्याच्या स्मरणात. लाल्याला आठवणारे विद्यानंद आणि समोर उभे असलेले विद्यानंद ह्यांतील अंतर हाच नाटकाचा खरा संघर्ष होय. लाल्या गुरूची स्तुती करीत नाही, तर एके काळी त्यांनी जे शिकविले त्याची त्यांच्याकडूनच मागणी करतो. शिष्याच्या स्मृतीला असा अधिकार देणारे नाटक एका अध्यापकाच्या लेखणीतून उतरावे, हे स्वाभाविक आहे. त्याचबरोबर हेही नमूद केले पाहिजे की, खाजगी शिक्षणसंस्थांनी चालविलेली महाविद्यालये ही महाराष्ट्राची जुनी परंपरा असल्यामुळे, चालक आणि प्राचार्य ह्यांच्यातील तेढ प्रेक्षकांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९६९ साली ह्याच कथेवर 'आँसू बन गये फूल' हा हिंदी चित्रपट निघाला.

त्या परंपरेचे दुसरे टोक 'हिमालयाची सावली' (१९७२) ह्या नाटकात दिसते. त्यातील नानासाहेब भानू ही व्यक्तिरेखा महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांच्या चरित्रावरून सुचलेली आहे, हे सर्वश्रुत आहे. कर्वे १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याने अल्प वेतनावर २० वर्षे सेवा करावयाची, असा तेव्हाचा नियम होता. ह्या सेवेत असतानाच त्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, आणि पुढे १९१६ साली महिला विद्यापीठाची स्थापना केली. ही थोरवी मराठी वाचकाला कर्व्यांच्या 'आत्मवृत्ता'मुळे ठाऊक होती. परंतु त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, ह्यांचे 'माझे पुराण' १९४४ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच संसाराची दुसरी बाजू पुढे आली. सार्वजनिक कार्याला दिलेला प्रत्येक रुपया घरातून गेलेला असतो, हे त्या पुस्तकावरून कळते.

कानेटकरांनी चरित्र लिहिले नाही. नावे बदलली, प्रसंगांची स्वतंत्र योजना केली. मात्र दृष्टी ठेवली ती घरातून पाहणाऱ्याची. नानासाहेब हे हिमालय, आणि त्यांची पत्नी बयो ही त्यांची सावली. ती फटकळ आहे, हिशेबी आहे, संसारासाठी भांडणारी आहे. आणि नानासाहेब विकलांग होतात, तेव्हा त्यांना आधार देणारीही तीच आहे. श्रीराम लागू आणि शांता जोग ह्यांनी ह्या दोन भूमिका केल्या. थोर अध्यापकाच्या त्यागाची किंमत त्याच्या पत्नीने आणि मुलांनी मोजलेली असते, हे सत्य येथे थोरवीला उणेपणा न आणता सांगितले आहे. 'अश्रूंची झाली फुले' मध्ये विद्यार्थी गुरूचे स्मरण राखतो. 'हिमालयाची सावली' मध्ये हे स्मरण राखणाऱ्यांत कुटुंबाचाही समावेश झाला पाहिजे, असा दावा मांडला जातो. एकाच लेखकाने सहा वर्षांच्या अंतराने लिहिलेली ही दोन नाटके परस्परांना पूरक म्हणून वाचली, तर अध्यापकाविषयीचा त्यांचा विचार पूर्ण होतो.

आता भाषेचा विचार. व्याख्यान आणि नाट्यसंवाद ह्या दोहोंचाही श्रोता पान मागे उलटून पाहू शकत नाही. त्यामुळे महत्त्वाची गोष्ट दोनदा, वेगळ्या शब्दांत सांगावी लागते. विरोधी कल्पना शेजारी ठेवाव्या लागतात. वाक्याचा शेवट ऐकताच कळेल असा ठेवावा लागतो. कानेटकरांच्या संवादांत ही सारी लक्षणे ठळकपणे आढळतात. त्यांची लांब स्वगते आणि आवेशयुक्त भाषणे नटांना आवडली, कारण त्यांना आवाजाचे चढउतार दाखविण्यास त्यांत वाव मिळाला. परंतु ह्याच गुणातून दोषही उत्पन्न झाला. पात्रे केव्हा केव्हा आपल्या मनाशी न बोलता सभेशी बोलू लागतात. भावना दाखविण्याऐवजी तिचे स्पष्टीकरण केले जाते. आणि प्रसंग जेथे आपोआप संपला असता, तेथे एक टाळ्या घेणारे वाक्य येऊन उभे राहते. विजय तेंडुलकरांच्या त्याच काळातील नाटकांत अर्धवट सोडलेल्या वाक्याने जे साधले जाते, ते कानेटकरांच्या प्रकृतीत बसणारे नव्हते. वर्गातील कोणीही विद्यार्थी मागे राहू नये ही अध्यापकाची चिंता वर्गात गुण ठरते; प्रेक्षागृहात ती प्रेक्षकाच्या बुद्धीवरील अविश्वासासारखी वाटण्याचा संभव असतो. ह्या दोषाची नोंद टाळून केलेले स्मरण खरे होणार नाही.

तथापि दोषांसह हे नाट्यलेखन टिकून आहे. कानेटकरांनी सुमारे ४० नाटके लिहिली. १९८८ साली ठाणे येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि १९९२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१९ साली 'अश्रूंची झाली फुले' व 'हिमालयाची सावली' ही दोन्ही नाटके नव्या नटसंचात पुन्हा रंगमंचावर आली. त्यांच्या सर्व नाटकांमधून पुनरुज्जीवनासाठी नेमकी अध्यापकाविषयीची ही दोन नाटके निवडली जावीत, ही घटना विचार करण्यासारखी आहे. अध्यापकाची प्रतिष्ठा समाजात कमी झाली अशी तक्रार सर्वत्र ऐकू येत असतानाही, त्याच्याविषयीची नाटके पाहण्याची इच्छा प्रेक्षकाला होते.

पदव्युत्तर अभ्यासाच्या दृष्टीने ह्यातून काही कामे सुचतात. 'आत्मवृत्त', 'माझे पुराण' आणि 'हिमालयाची सावली' ह्या तिन्हींचे तुलनात्मक वाचन हे त्यांपैकी एक. विद्यानंद आणि भानू ह्या व्यक्तिरेखांची मराठी नाटकातील इतर शिक्षकांशी तुलना हे दुसरे. तिसरे काम अधिक निकडीचे आहे. कानेटकरांच्या वर्गात बसलेल्यांपैकी अगदी अखेरच्या वर्षांतील विद्यार्थीही आज सत्तरीच्या घरात आहेत. त्यांनी जपलेल्या टिपणवह्या, त्या काळच्या महाविद्यालयीन नियतकालिकांचे अंक आणि स्नेहसंमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका ही साधने ज्या घरांत असतील तेथून वेळीच गोळा झाली पाहिजेत. नाटककाराची संहिता छापील स्वरूपात सुरक्षित आहे. अध्यापकाची संहिता कोठेच छापलेली नाही.

प्रिय अध्यापकाचे स्मरण कसे करावे, ह्याचे उत्तर कानेटकरांनी आपल्या नाटकांतून दिलेले आहे. लाल्याने गुरूला हार घातला नाही. त्याने गुरूची शिकवण गुरूपुढे ठेवली. बयोने पतीची थोरवी नाकारली नाही. तिने त्या थोरवीचा खर्च सांगितला. ज्याने ही दोन पात्रे निर्माण केली, त्या अध्यापकाचे स्मरणही ह्याच दोन कसोट्यांना उतरले पाहिजे.