प्रकाशसंश्लेषणाचे शालेय प्रयोग

हिरव्या वनस्पतींना अन्न तयार करण्यासाठी कोणते घटक लागतात आणि त्या क्रियेत काय निर्माण होते, हे दाखवणाऱ्या शाळेतील प्रयोगांना प्रकाशसंश्लेषणाचे शालेय प्रयोग म्हणतात. प्रकाश, हरितद्रव्य व कार्बन डायऑक्साईड यांची आवश्यकता आणि ऑक्सिजनची निर्मिती हे त्यांचे चार प्रमुख विषय होत. यांपैकी कोणताही एक प्रयोग संपूर्ण क्रिया सिद्ध करत नाही. प्रत्येक प्रयोग एकाच प्रश्नाचे उत्तर देतो आणि ते उत्तरही तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या रोपामुळे किंवा पानामुळेच विश्वसनीय ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मेणबत्ती जळून दूषित झालेली हवा पुदिन्याच्या रोपामुळे पुन्हा शुद्ध होते, असे इंग्लंडमधील जोसेफ प्रीस्टली यांना १७७१ मध्ये आढळले. हे कार्य वनस्पतीचे हिरवे भाग सूर्यप्रकाशातच करतात, हे यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये दाखवले. पानातील स्टार्च प्रकाशाच्या साहाय्याने तयार होतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युलियस फॉन झाक्स या जर्मन शास्त्रज्ञाने सिद्ध केले. शाळेतील आयोडीन परीक्षेचे मूळ त्यांच्याच कार्यात आहे. भारतात जगदीशचंद्र बोस यांनी हायड्रिला या पाणवनस्पतीतून निघणाऱ्या वायूची आपोआप नोंद घेणारे उपकरण बनवले. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

स्टार्च परीक्षा

कुंडीतील रोप प्रथम ४८ ते ७२ तास अंधारात ठेवतात, त्यामुळे पानांत आधी साठलेला स्टार्च वापरला जातो. ही पायरी गाळल्यास जुन्या स्टार्चमुळे निष्कर्ष चुकतो. नंतर एका पानाचा काही भाग दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाने झाकून रोप चार ते सहा तास उन्हात ठेवतात. पान तोडून एक-दोन मिनिटे पाण्यात उकळतात, मग हरितद्रव्य निघून जाईपर्यंत अल्कोहोलमध्ये ठेवतात. ठिसूळ झालेले पान कोमट पाण्यात धुऊन त्यावर आयोडीनचे विरल द्रावण टाकतात. उघडा भाग निळसर काळा होतो, तर झाकलेल्या भागावर आयोडीनचा पिवळट तपकिरी रंग तेवढा दिसतो.

हरितद्रव्याची आवश्यकता दाखवण्यासाठी क्रोटन किंवा मनीप्लांटचे हिरवे-पांढरे पान घेतात. परीक्षेपूर्वी पानाची बाह्यरेषा व हिरवे ठिपके कागदावर रेखाटून ठेवावे लागतात, कारण अल्कोहोलनंतर दोन्ही भाग सारखेच दिसतात.

कार्बन डायऑक्साईडसाठी स्टार्चरहित रोपाचे एक पान, रोपापासून न तोडता, उभ्या चिरलेल्या बुचातून रुंद तोंडाच्या बाटलीत अर्धे आत व अर्धे बाहेर राहील असे बसवतात. बाटलीतील कॉस्टिक पोटॅशचे द्रावण हा वायू शोषून घेते. पानाला द्रावण लागू न देणे व फटी व्हॅसलिनने बंद करणे आवश्यक असते. उन्हात ठेवल्यानंतर केवळ बाहेरच्या भागात स्टार्च आढळतो.

ऑक्सिजनची निर्मिती

चंचुपात्रातील पाण्यात हायड्रिलाच्या फांद्या उलट्या नरसाळ्याखाली ठेवतात व नरसाळ्याच्या नळीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी उपडी घालतात. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकल्याने कार्बन डायऑक्साईडचा पुरवठा वाढतो. उन्हात बुडबुडे परीक्षानळीत जमतात. पुरेसा वायू जमल्यावर त्यात विझत आलेली, टोकाशी निखारा असलेली काडी धरल्यास ती पुन्हा पेटते. हा वायू निव्वळ ऑक्सिजन नसतो. त्यात पाण्यात विरघळलेला नायट्रोजनही मिसळतो.

स्थानिक परिस्थिती

जालना जिल्ह्यातील पूर्णा खोऱ्यातल्या जाफराबादसारख्या गावी या प्रयोगांना लागणारे बहुतेक साहित्य परिसरातच मिळू शकते. निवड मात्र विचारपूर्वक करावी लागते. संथ पाण्यावर तरंगणारी जलपर्णी हायड्रिलाऐवजी चालत नाही, कारण तिची पाने हवेत असतात व वायूंची देवाणघेवाण हवेशीच करतात. मराठवाड्यातील कडक उन्हात पाणी तापते आणि त्यात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून वनस्पती नसलेला दुसरा संच शेजारी ठेवल्याखेरीज बुडबुड्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही. पावसाळ्यात ढगाळ दिवशी निष्कर्ष अस्पष्ट येण्याचा संभव असतो.

पिकांपैकी कांद्याची पात स्टार्च परीक्षेस निरुपयोगी आहे, कारण तीत अन्न स्टार्चऐवजी शर्करेच्या रूपात राहते. मका व ज्वारीच्या पानांत स्टार्च मुख्यतः शिरांभोवतीच्या पेशींत साठतो, त्यामुळे रंग पानभर एकसारखा येत नाही.

निष्कर्षांच्या मर्यादा

आयोडीन परीक्षा स्टार्चची असते, प्रकाशसंश्लेषणाची नव्हे. कांद्याच्या पातीत स्टार्च आढळत नाही, तरी ती अन्न तयार करतेच. बटाट्यात स्टार्च विपुल असतो, पण तो पानांनी तयार केलेल्या शर्करेपासून जमिनीखाली बनतो. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्यापासून येतो की कार्बन डायऑक्साईडपासून, हेही शालेय साहित्याने ठरवता येत नाही. सॅम्युएल रुबेन, मार्टिन केमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजनचे जड समस्थानिक वापरून तो पाण्यापासून येत असल्याचा पुरावा १९४१ मध्ये दिला.

सुरक्षितता

अल्कोहोल अत्यंत ज्वालाग्राही असून सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते. ते ज्योतीवर थेट तापवू नये. पाणी आधी गरम करून ज्योत पूर्ण विझवावी आणि मगच अल्कोहोल व पान असलेली परीक्षानळी त्या पाण्यात ठेवावी. कॉस्टिक पोटॅश त्वचा व डोळ्यांना गंभीर इजा करते, म्हणून ते शिक्षकांनीच हाताळावे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. द्रावण अंगावर सांडल्यास तो भाग तत्काळ भरपूर वाहत्या पाण्याने धुवावा. ते डोळ्यांत गेल्यास डोळे धुतल्यावर विलंब न करता वैद्यकीय उपचार घ्यावेत.