फटीतून दुचाकी: प्रश्न वेगाचा

कोल्हापूरच्या दाभोळकर कॉर्नरला थांबलेल्या मोटारींच्या फटीतून दुचाकी काढणे म्हणजे सरसकट बेपर्वाई, असे मानले जाते. पुरावा मात्र वेगाकडे बोट दाखवतो. कॅलिफोर्नियातील सुमारे ६००० दुचाकी अपघातांच्या २०१५ च्या बर्कले विद्यापीठाच्या अभ्यासात फटीतून जाणाऱ्यांना डोक्याच्या इजा कमी आढळल्या. (त्यांची हेल्मेटे अधिक चांगली होती आणि मद्यपींचे प्रमाण कमी, हेही खरे.) आजूबाजूच्या वाहनांपेक्षा वेग ताशी २४ किलोमीटरहून अधिक वाढला, की इजाही वाढत होत्या.

‘पण आपल्याकडे लेनच कुठे पाळतात?’ आक्षेप रास्त आहे. रिक्षा अचानक वळते, मोटारीचे दार उघडते; ताशी ३० च्या वेगाने दुचाकी एका सेकंदात आठ मीटर जाते, तेही ब्रेक दाबण्याआधी. त्यामुळे कोल्हापुरात फटीतून जाण्याची मुभा मानायचीच, तर गाड्या थांबलेल्या असताना आणि चालण्याच्या वेगानेच. वळणाऱ्या केएमटी बसच्या कडेने मात्र तेव्हाही नको.