स्वराज द्वीप : इथलं वेळापत्रक समुद्र ठरवतो

अंदमानच्या सहलीच्या छापील कार्यक्रमात हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या, वाट्याला जेमतेम एक-दोन रात्री येतात. सकाळी बोट, दुपारी राधानगर, दुसऱ्या दिवशी एलिफंट बीच आणि लगेच पुढचं बेट. कागदावर सगळं सुटसुटीत दिसतं. प्रत्यक्षात पूर्व किनाऱ्यावर हॉटेल घेतलेलं कुटुंब पोहण्याचे कपडे घालून बाहेर येतं, तेव्हा सकाळी झाडांच्या मुळांना टेकलेलं पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं. समोर उघडे पडलेले खडक, मेलेली प्रवाळं आणि घोटाभर पाण्याची डबकी. मुलं हिरमुसतात, वडील चौकशीला जातात आणि पाणी संध्याकाळी येईल, असं शांत उत्तर मिळतं. सहलीचा कागद बाजूला ठेवून भरती-ओहोटीच्या तालावर दिवस आखला, तर मात्र हे बेट लहान-थोरांना भरभरून देतं.

अंदमानची राजधानी पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचं श्री विजयपुरम. तिथून ईशान्येला सुमारे ४० किलोमीटरवर हे बेट आहे. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती सहा हजारांहून थोडी जास्त होती. बेटाचं जुनं नाव मराठी वाचकाला टोचावं असं. १८५७ च्या जुलैत कानपूरजवळ नानासाहेब पेशव्यांच्या सैन्याला हरवणारा इंग्रज सेनानी हेन्री हॅवलॉक तो हाच. शेजारचं नील बेट त्याच्याच मोहिमेतल्या जेम्स नीलच्या नावाचं. त्या उठावातल्या कैद्यांना १८५८ पासून अंदमानात धाडलं गेलं आणि उठाव चिरडणाऱ्यांची नावं इथल्या बेटांना मिळाली. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता. त्या घटनेला ७५ वर्षं झाली त्या दिवशी, २०१८ मध्ये, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं. बोलण्यात अजूनही दोन्ही नावं चालतात.

इथले किनारे मात्र आकड्यांनी ओळखले जातात. एक नंबरला जेट्टी, तीन नंबरला गोविंदनगर, पाच नंबरला विजयनगर, सात नंबरला राधानगर. रिक्षावाल्याला नुसता नंबर सांगितला तरी पुरतं. बहुतेक हॉटेलं तीन आणि पाच नंबरच्या पट्ट्यात, पूर्व किनाऱ्यावर आहेत. तिथे किनाऱ्यालगत खडक आणि प्रवाळ असल्याने पोहायचं ते भरतीलाच. राधानगर पश्चिमेला. तिथला तळ वाळूचा, त्यामुळे ओहोटीतही पाण्यात उतरता येतं. लहान मुलं बरोबर असतील तर हा फरक हॉटेलच्या तारांकनापेक्षा महत्त्वाचा.

कोकणातल्या माणसाला हे गणित नवं नाही. तिथीवरून भरतीची वेळ काढण्याची रीत आपल्याकडच्या कोळीवाड्यांत आजही आहे. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण येतं, हे दोन्ही अंदमानातही तसंच. पण भरती नेमकी किती वाजता येणार, ते प्रत्येक किनाऱ्याचं वेगळं असतं. मुंबई-रत्नागिरीचा हिशेब इथे चालत नाही, स्थानिक तक्ताच पाहावा लागतो.

ओहोटीची वेळ वाया जाते असंही नाही. ओल्या वाळूवर उकिडवं बसून पाहिलं तर वाटाण्याएवढे खेकडे कामाला लागलेले दिसतात. बिळातून बाहेर यायचं, वाळूचा घास तोंडाशी न्यायचा, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं गाळून घ्यायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. एकेका बिळाभोवती अशा शेकडो गोळ्यांची नक्षी उमटते. सावली पडली की क्षणात सगळे आत. पुढच्या भरतीत ती नक्षी पुसली जाते आणि पाणी ओसरलं की पुन्हा सुरुवात. मोबाइलला चिकटलेली मुलंही इथे अर्धा तास हलत नाहीत.

सूर्यही आपल्या सवयीप्रमाणे वागत नाही. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं असलं तरी बेट मुंबईच्या वीस रेखांश पूर्वेला. डिसेंबरात मुंबईत सहा वाजून गेल्यावर मावळणारा सूर्य राधानगरला पाचच्या सुमारास बुडतो. दुपारची झोप काढून साडेपाचला निघालेल्यांना अंधारच दिसतो. चार वाजताच सात नंबर गाठावा. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून याची निवड केली आणि २०२० मध्ये त्याला ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छतेचं व सुरक्षिततेचं मानांकन मिळालं. वाळूच्या मागे थेट उंच झाडांचं दाट जंगल उभं आहे, त्यामुळे आजी-आजोबांना बसायला सावलीही भरपूर. सूर्योदयासाठी उलट्या दिशेला, पूर्वेच्या काला पत्थरला जावं.

एलिफंट बीचला जेट्टीवरून बोटीने जातात किंवा जंगलातून पायी. पायवाटेचा शेवटचा पट्टा चिखलाचा, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी बोटच धरावी. कधी काळी लाकूडतोडीसाठी इथे हत्ती आणले गेले. त्यांतला राजन समुद्रात पोहायचा आणि त्याला पाण्याखालून टिपायला जगभरचे छायाचित्रकार येत. २०१६ मध्ये तो गेला. आता इथलं आकर्षण आहे ते उथळ पाण्यातली प्रवाळं आणि मासे. स्नॉर्केलिंग करता येतं, पाण्याची भीती असेल तर काचेच्या तळाची होडी आहे. स्कूबासाठी मूल दहा वर्षांचं तरी हवं. स्कूबा आणि विमानप्रवास यांच्यात १८ तासांचं अंतर ठेवावं. प्रवाळांवर पाय मात्र टेकू नये. २०१० मध्ये समुद्र तापल्याने अंदमानातली प्रवाळं मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली होती. त्यातून सावरण्याचा त्यांचा वेग फार कमी असतो.

शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे खिशात भरण्याचा मोहही आवरायला हवा. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, मेलेला तुकडाही नेता येत नाही आणि विमानतळावरच्या तपासणीत तो सापडतो. रिकामा शंख रिकामाच असतो असंही नाही. संन्यासी खेकडा अंग वाढलं की असाच मोठा शंख शोधतो. आपण नेलेला शंख त्याचं पुढचं घर असू शकतं.

सुरक्षिततेची गोष्ट गंभीरपणे घ्यावी. अंदमानच्या खाड्यांत आणि कांदळवनांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये याच बेटावर एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. जीवरक्षकाने आखून दिलेल्या हद्दीतच पोहावं आणि अंधार पडण्याआधी पाण्याबाहेर यावं. वाळूतल्या बारीक माश्या चावून खाज आणतात, त्यावर पायांना खोबरेल चोपडणं हा सोपा उपाय.

समुद्राला पाठ करून एखादा तास गावात घालवावा. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित बंगाली कुटुंबांना १९५० च्या दशकात इथे जमिनी देऊन वसवलं गेलं. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर ही गावांची नावं त्यांच्या कृष्णभक्तीची साक्ष देतात. जंगल तोडून त्यांनी भातशेती केली, नारळ-सुपारीच्या बागा लावल्या. गोविंदनगरच्या बाजारात माशाचा झोल आणि भात मिळतो. शाकाहारी जेवणाचीही सोय आहे.

कसं जाल, केव्हा जाल?

चेन्नई, कोलकाता, बेंगळूरुहून श्री विजयपुरमच्या वीर सावरकर विमानतळावर उतरावं. तिथून खासगी वेगवान बोट साधारण दीड तासात, सरकारी बोट दोन-अडीच तासांत पोहोचवते. ओळखपत्र जवळ हवं. बोट लागणाऱ्यांनी गोळी आधी घ्यावी. नोव्हेंबर ते एप्रिल हा चांगला काळ. हवा बिघडली की बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम राजधानीतच ठेवावा. आणि हॉटेलचे पैसे भरण्याआधी त्या तारखांचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा. पाच नंबरला राहायचं की सात नंबरच्या जवळ, याचा निर्णय मग आपोआप होतो.