सीबीडी: फेफऱ्याचं औषध आणि गुडघ्याचं तेल

बारामती-इंदापूरकडं गांजाचं नाव वर्तमानपत्रात येतं ते पोलिसांच्या कारवाईमुळं. उसात किंवा मक्यात लपवून लावलेली झाडं उपटली, सोलापूर महामार्गावर गाडी अडवली, अशा त्या बातम्या. त्याच झाडातून निघणाऱ्या सीबीडीची जाहिरात मात्र मोबाइलवर दिसते. ड्रॉपर लावलेली काचेची छोटी बाटली, आणि गुडघेदुखी, झोप, शुगर, ताण या सगळ्यांवर तेच एक तेल. ऊसतोडीनं कंबर गेलेल्या माणसाला किंवा रात्र रात्र डोळा न लागणाऱ्या म्हातारीला ते घेऊन पाहावंसं वाटलं तर त्यात त्यांचा दोष नाही. दुखणं खरंच असतं. पण सीबीडी हे पूर्णार्थानं औषध आहे. त्याचा गुण मोजक्या आजारांत आणि ठरावीक मात्रेत सिद्ध झाला आहे, आणि औषध म्हटल्यावर त्याचे त्रासही आले.

एका झाडातले दोन पदार्थ

भांग, गांजा आणि चरस हे एकाच वनस्पतीचे प्रकार. पानं म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलांचे शेंडे म्हणजे गांजा आणि त्यावरचा चिकट राळेसारखा भाग म्हणजे चरस. या झाडात शंभराहून जास्त खास रसायनं सापडली आहेत. त्यातली दोन महत्त्वाची: नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल. अमेरिकेतल्या रॉजर ॲडम्स यांनी १९४० मध्ये सीबीडी वेगळं काढलं. त्याची नेमकी रचना १९६३ मध्ये इस्रायलच्या राफाएल मेशुलम यांनी उलगडली आणि पुढच्याच वर्षी टीएचसीचीही. दोन्हींत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू तंतोतंत सारखेच आहेत. फरक आहे तो फक्त त्यांच्या जोडणीत. तेवढ्या फरकानं एक डोक्यात चढतं, दुसरं चढत नाही.

इथं एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. चोरून विकल्या जाणाऱ्या गांजात जोर टीएचसीचा असतो. तो ओढून सीबीडीचा फायदा मिळत नाही. तरुण पोरांना कोणी ‘हे औषधी आहे’ असं सांगत असेल तर ते साफ खोटं आहे.

मेंदूतली निरोपाची व्यवस्था

टीएचसी मेंदूवर काम करतं कारण त्याला बसायला जागा मेंदूत आधीपासूनच आहे. सीबी-१ नावाच्या त्या ग्राहकाची जनुकीय ओळख १९९० मध्ये पटली. शरीर स्वतःच तयार करत असलेलं तसलं रसायन १९९२ मध्ये सापडलं आणि पुढच्या वर्षी मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवर असणारा सीबी-२ हा दुसरा ग्राहक.

ही व्यवस्था उलट्या दिशेनं चालते. एका चेतापेशीकडून दुसरीकडं संदेश जातो. तो फार जोरानं यायला लागला की घेणारी पेशी ही रसायनं सोडून देणाऱ्या पेशीला थांबायला सांगते. नीरा डाव्या कालव्याच्या चारीवर शेवटच्या शेतकऱ्यानं ‘रान भिजलं, दारं लावा’ असा निरोप वर पाटकऱ्याला धाडावा, तसं. भूक, वेदना, आठवण, झोप अशा बऱ्याच गोष्टींत या निरोपांचा वाटा असतो.

टीएचसी सीबी-१ वर थेट जाऊन बसतं. सीबीडी तिथं नीट बसत नाही, म्हणून नशा नाही. त्याचं काम इतर जागी चालतं. चेतापेशींची उत्तेजना वाढवणाऱ्या जीपीआर-५५ या ग्राहकाला ते अडवतं. मिरचीचा तिखटपणा ज्या टीआरपीव्ही-१ ग्राहकामुळं जाणवतो, त्याला ते बोथट करतं. शिवाय मेंदू शांत ठेवणारं ॲडिनोसीन पेशीबाहेर जास्त वेळ टिकू देतं. फेफरं म्हणजे असंख्य चेतापेशी एकदम, आवरता न येण्याइतक्या पेटणं. त्यामुळं सीबीडीचा सर्वांत भक्कम उपयोग तिथंच सापडावा हे समजण्यासारखं आहे. यातली नेमकी कोणती वाट माणसात सर्वांत महत्त्वाची, यावर शास्त्रज्ञांचं एकमत झालेलं नाही.

सिद्ध झालं ते एवढंच

या शोधाची जुनी कडी भारतातलीच आहे. कलकत्त्याचे डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये झटके येणाऱ्या अवघ्या चाळीस दिवसांच्या मुलीला भांगेचा अर्क दिल्याची नोंद केली. पक्की परीक्षा व्हायला मात्र २०१७ उजाडलं. ड्राव्हे सिंड्रोम या लहान मुलांच्या अवघड आजाराच्या १२० रुग्णांवर चाचणी झाली. सीबीडी घेणाऱ्यांचे महिन्याचे झटके साधारण १२ वरून ६ वर आले. दिखाऊ औषध घेणाऱ्यांचे जवळजवळ होते तेवढेच राहिले. त्यानंतर २५ जून २०१८ रोजी अमेरिकेनं ‘एपिडायोलेक्स’ या शुद्ध सीबीडीच्या द्रवाला मान्यता दिली. आज ते ड्राव्हे, लेनॉक्स-गॅस्टो आणि ट्यूबरस स्क्लेरोसिस या तीन आजारांतल्या झटक्यांसाठी वापरलं जातं, बहुतेक वेळा आधीच्या औषधांच्या जोडीनं.

मात्रा पाहिली की बाटलीतल्या तेलाचं खरं वजन कळतं. ड्राव्हेच्या मुलाला नेहमी किलोमागं रोज १० मिलिग्रॅम द्यावं लागतं, गरज पडली तर २०. म्हणजे वीस किलोच्या मुलाला रोज २०० मिलिग्रॅम. आख्ख्या बाटलीत ५०० मिलिग्रॅम असेल तर ती अडीच दिवसांत संपेल. जाहिरातीतले रोजचे पाच-दहा थेंब या हिशेबात कुठंच बसत नाहीत.

आणि ज्यांच्या घरात फेफऱ्याचा रुग्ण आहे त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं: साध्या फेफऱ्याला सीबीडी लागतच नाही. नेहमीची औषधं नेमानं घेतली तर दहातले सात रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडं मुलीचं लग्न मोडेल म्हणून आजार लपवला जातो, झटका आला की कांदा नाहीतर चप्पल हुंगवली जाते, आणि चार महिने बरं गेलं की गोळी बंद होते. एकदम गोळी तोडली तर लागोपाठ झटके येऊन जीव जाऊ शकतो. तेलाच्या भरवशावर ती गोळी कोणीही सोडू नये.

पोट, यकृत आणि आधीच्या गोळ्या

सीबीडी पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. आयुर्वेदात भांगेची शुद्धी करताना ती धुऊन तुपावर परततात, तेव्हा या झाडाचं स्निग्धाशी असलेलं नातं आपल्या वैद्यांना जुनं माहीत होतं. उपाशीपोटी घेतलेल्या सीबीडीतलं जेमतेम सहा टक्के रक्तात पोचतं. तेलकट जेवणाबरोबर घेतलं तर चार-पाच पट जास्त. म्हणून एक दिवस भाकरी-ठेच्यावर आणि एक दिवस मटणावर घेतलेले तेवढेच थेंब शरीरात सारखे भरत नाहीत. ते चरबीत साठून राहतं. रोज घेत गेल्यावर रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच अडीच दिवस लागतात.

खरी काळजी यकृताची. मोठ्या मात्रेत सीबीडीनं यकृताची एंझाइम्स वाढतात, फिट्सचं व्हॅल्प्रोएट सोबत असेल तर जास्तच. आपल्या बऱ्याच गोळ्या यकृतातले जे घटक मोडतात, त्यांनाच सीबीडी अडवतं. मग मोडायची राहिलेली गोळी रक्तात साचते. फेफऱ्यासाठी क्लोबाझाम घेणारं मूल दिवसभर गुंगीत राहतं. हृदयाची झडप बदललेल्या माणसाचं वॉरफरिन वाढून रक्तस्रावाचा धोका होतो. मूत्रपिंड बदललेल्याच्या टॅक्रोलिमसचं तसंच. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ असं म्हणून डॉक्टरांपासून ही बाटली लपवणं यासाठीच धोक्याचं. झोप येणं, भूक मंदावणं आणि जुलाब हे नेहमी दिसणारे त्रास. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते टाळावं.

गुडघा, झोप आणि पैलवान

गुडघ्याच्या झिजेवर व्हिएन्नात ८६ रुग्णांची चाचणी झाली. पॅरासिटामॉलच्या जोडीला रोज ६०० मिलिग्रॅम सीबीडी आठ आठवडे दिलं. नुसत्या पॅरासिटामॉलपेक्षा दुखणं जास्त कमी झालं नाही. झोप आणि चिंतेवर लहान अभ्यास आहेत, काहींचे निकाल आशा वाटावी असे आहेत; पण त्यावरून औषध लिहून द्यावं इतका पाया अजून नाही. शुगरची गोळी किंवा कॅन्सरचे उपचार थांबवून हे घेण्याला तर कसलाच आधार नाही.

लेबलवर लिहिलेलं बाटलीत असतंच असंही नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये ऑनलाइन विकली जाणारी ८४ उत्पादनं तपासली, तेव्हा जेमतेम ३१ टक्क्यांत लिहिल्याइतकं सीबीडी निघालं आणि १८ बाटल्यांत टीएचसीही सापडलं. तालमीतल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं २०१८ पासून सीबीडीवरची बंदी उठवली, पण स्पर्धेच्या काळात टीएचसी निषिद्धच आहे. भेसळीच्या थेंबानं पैलवानाची वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते.

कायदा आणि शेत

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे शेंडे; नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर राहतात. म्हणून आयुष परवान्यावर पानांपासून केलेली ‘विजया’ची औषधं मिळतात, आणि वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावीत ही सूचना त्यांवर बंधनकारक आहे. महाराष्ट्रात भांगेच्या पानांनाही १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं बंधन आहे. नोव्हेंबर २०२१ पासून अन्न म्हणून बियांचं तेल विकता येतं, मात्र त्यात सीबीडी किलोला ७५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. बियांचं तेल आणि सीबीडीचं तेल यात गल्लत करू नका. पहिल्यात औषधी मात्रा नसतेच.

उत्तराखंडानं टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या भांगेच्या लागवडीला परवाना द्यायला सुरुवात केली, ते ऐकून इकडंही कोणी ‘एकरी लाखो’चं गणित मांडेल. विनापरवाना झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्याकडंच पोलीस आधी येणार.

डॉक्टरांकडं जाताना

बाटली आधीच घेतली असेल तर ती सोबत न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंही न्या, वैद्यांनी आणि मेडिकलवाल्यानं दिलेलीसुद्धा. लेबलवर सीबीडी किती, टीएचसी किती, बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक आहे का ते बघा. यातलं काही नसेल तर ती न घेतलेली बरी. मुलाला वारंवार झटके येत असतील तर बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा आणि पुण्यातल्या मेंदूविकारतज्ज्ञाकडं चिठ्ठी मागा. झटक्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. त्यांनी सीबीडी सुरू करायचं ठरवलंच, तर यकृताची रक्ततपासणी सुरुवातीला करावी लागते, मग पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात.